पुस्तकं नसलेल्या लायब्रऱ्या

उज्जैनमध्ये लायब्रऱ्या नाहीत असं म्हणणाऱ्यानं एकदा संध्याकाळी फ्रीगंजात फेरी मारावी. कोचिंगच्या गल्ल्यांत जिन्याजिन्यावर पाटी आहे : अमुक लाइब्रेरी, तमुक लाइब्रेरी. एसी, वायफाय, आरओचं पाणी, लॉकर, सीसीटीव्ही. महिन्याला काही शे रुपये मोजायचे आणि प्लायवूडच्या कप्प्यात बसायचं. पुस्तक मात्र एकही नाही. ते ज्यानं त्यानं घरून आणायचं.

आमच्या मराठी मंडळींना याचं फार हसू येतं. पोहे-जिलबी खाता खाता ‘काय दिवस आले’ म्हणून मान हलवतात. मला या मान हलवण्याचाच संताप येतो. त्या दुकानदारानं फसवलंय कुणाला? तो खुर्ची, दिवा, पंखा, स्वच्छ संडास आणि रात्री दहापर्यंत उघडं दार विकतो. हे सगळं सार्वजनिक ग्रंथालयानं फुकट द्यायचं होतं. ते दिलं नाही म्हणून त्याचा धंदा चालतो. पटवारीच्या नाहीतर पीएससीच्या तयारीला तराना, महिदपूर, बडनगरहून आलेली, दहा बाय दहाच्या खोलीत दोघींबरोबर राहणारी मुलगी आणखी जाणार कुठे?

आता दुसरी बाजू पाहा. मी ज्या ग्रंथालयाचा वर्षानुवर्षं सभासद आहे त्याचं नाव सांगत नाही. या देशातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावचा वाचक आपल्या गावचं नाव तिथे घालू शकेल. वेळ कचेरीची. म्हणजे ज्याला नोकरी आहे, दुकान आहे, शाळा आहे, त्यानं येऊ नये अशीच. रविवारी बंद. कपाटांना कुलपं, काचेआड पुस्तकांचे कणे. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’ मागितली. मुक्तिबोध बंधूंचं बालपण याच मुलखातलं, कादंबरीचं नाव इथल्याच नदीचं. इथे नाही तर कुठे मिळायची? नोंदवहीत सापडली. कपाटही सापडलं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते साहेब निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. ‘काकाजी, बाद में आना,’ एवढं मात्र अगदी आदरानं सांगितलं.

या कुलपामागे आळस कमी आणि भीती जास्त आहे. पुस्तक हरवलं तर आपल्या पगारातून कापतील, ही ग्रंथपालाची भीती. म्हणून पुस्तक बाहेर न जाणं हेच त्याच्या दृष्टीनं उत्तम काम. गंमत अशी, की केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत याची सोय करून ठेवलेली आहे : वर्षभरात दिल्या-हाताळल्या गेलेल्या हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले, आणि त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल, तर ते नुकसान वाजवी मानावं. वीस हजारांपर्यंतचा संग्रह दरवर्षी तपासावा, असंही तिथेच लिहिलंय. नियम केंद्राचे असतील. राज्याला आणि नगरपालिकांना तसेच करायला कुणी हात धरलाय? पण इथे हरवलेल्या एका पुस्तकाची चौकशी होते आणि वर्षभर कुणीच न उघडलेल्या दहा हजारांची होत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर ग्रंथालयं हा राज्यांचा विषय. कोल्हापूर संस्थाननं 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला, मद्रासनं 1948 मध्ये, महाराष्ट्रानं 1967 मध्ये. आमच्यातून फुटून निघालेल्या छत्तीसगडनंही केला. 1956 साली जन्मलेल्या मध्य प्रदेशाला अजून सवड झालेली नाही. नुसत्या कायद्यानं पोट भरत नाही, हेही खरं. महाराष्ट्राच्या कायद्यात उपकर नाही, म्हणून तिथली हजारो वाचनालयं अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. कर्नाटकात मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पैसे ग्रंथालयाचे. आपल्याला आणायचंच तर कर्नाटकातून आणावं.

आणि हे सुचायला परदेशी जायला नको. इथून पश्चिमेला एका रात्रीच्या प्रवासावर बडोदं आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल आणला. गावानं एक वाटा जमवला की एक वाटा प्रांत पंचायतीचा, एक सरकारचा, आणि गावात वाचनालय उभं. जिथे तेही नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. वाचक येईना, तर पुस्तक त्याच्या दारी. ते सगळं एका संस्थानिकानं केलं. आपण शंभरेक वर्षांनी कुलपाला तेल घालतोय.

सरकारला झोडपणं सोपं असतं, म्हणून आता आपल्याच लोकांकडे वळतो. ग्वाल्हेरच्या आधी शिंद्यांची राजधानी हीच, महाकालाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबांनी बांधवलं, भीमबेटका जगापुढे आणणारे वाकणकर आमचे : हे प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकवायचं. आणि समाजाच्या हॉलमधली पुस्तकांची कपाटं लग्नाच्या पंगतीला अडचण होते म्हणून जिन्याखाली सरकवायची. आजोबा गेले की त्यांची पुस्तकं रिक्षात घालून वाचनालयात ‘दान’ द्यायची, कपाटावर नावाची पट्टी मागायची. त्यात असतं काय? दिवाळी अंकांचे सुटे गठ्ठे, बाराव्या भागाविना ज्ञानकोश, आयकराचं 1978 सालचं मार्गदर्शक. ही भेट नव्हे, घर आवरणं आहे. वाचनालयानं ती नाकारायला शिकलं पाहिजे, आणि जुनी रद्दी बाहेर काढायलाही. फाटकी, कालबाह्य, चार-चार प्रतींतली पुस्तकं बाद केल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. पण बाद करा म्हटलं की हेच देणगीदार सरस्वतीचा अपमान झाल्यासारखे उठतात. गेल्या वीस वर्षांत स्वतः किती पुस्तकं घरी नेली, हे मात्र विचारू नये.

2028 चा सिंहस्थ तोंडावर आहे. हजारो कोटींची भाषा चालू आहे : घाट, रस्ते, पूल, कमानी. होऊ देत. पण एका कमानीच्या पैशात काय होतं, ते सांगतो. सकाळी सात ते रात्री दहा उघडं दार, दोन पाळ्यांची माणसं, रविवार धरून. मुलींसाठी स्वच्छ संडास, कारण तो नसेल तर त्या येत नाहीत. उघडी कपाटं. अभ्यासाची पोरं एका दालनात, वाचणारे दुसऱ्यात. अभ्यासिकेनं वाचनालय गिळता कामा नये आणि वाचनालयानं अभ्यासाच्या पोरांना हाकलूनही देऊ नये. मुलांसाठी बुटकी कपाटं आणि जमिनीवर सतरंजी. हिंदी, मराठी, मालवी, उर्दू, सगळ्यांची खरेदी वाचकांनी वहीत लिहिलेल्या मागणीवरून, घाऊक विक्रेत्याच्या यादीवरून नव्हे. आणि ज्या ग्रंथपालाला ग्रंथपालाचं काम करायचंय त्याला निवडणूक, जनगणना आणि मेळ्याच्या ड्यूटीतून मोकळं करणारा एक कागद.

हा कागद काढायला तर एक पैसाही लागत नाही. तेवढा आधी काढा.