ताळेबंद जुळला, ताटाचं काय?

हल्ली लग्नाच्या जेवणात एक नवंच संभाषण कानावर येतं. पूर्वी पंगतीत 'जिलेबी फिरवा', 'मठ्ठा इकडे' अशा हाका असत. आता हातात ताट घेऊन उभ्यानं जेवणारी मंडळी एकमेकांना जिलेबीतल्या कॅलरी सांगतात आणि सांगून झाल्यावर ती जिलेबी खातात. पलीकडच्या घोळक्यात दुसरा पंथ उभा असतो. त्याच्या लेखी कॅलरी हे थोतांड. तूप साजूक, गूळ सेंद्रिय आणि तेल लाकडी घाण्याचं असलं की माणसानं निर्धास्त जेवावं, वजनाचं वजन पाहून घेईल! २०१८-१९च्या सुमारास तर महाराष्ट्रात घरोघरी फाळणी झाली होती. एकीकडे दोनच वेळा जेवा म्हणणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे अनुयायी, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यांचे चाहते. तो वाद 'केव्हा' खावं याचा होता. 'किती' आणि 'काय' हा त्याहून जुना वाद त्याच्या पोटात तसाच राहिला.

या जुन्या वादात दोन्ही पंथांकडे अर्धं अर्धं सत्य आहे. मात्र 'किती'चं अर्धं आकड्यात सांगता येतं म्हणून ते शहाणपणाचं वाटतं आणि 'काय'चं अर्धं आजीबाईच्या बटव्यात जमा होतं. माझा आक्षेप इथंच आहे.

आधी या कॅलरीची, म्हणजे उष्मांकाची, जन्मकथा पाहू. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशानं वाढवायला जेवढी उष्णता लागते, तो एक उष्मांक. वाफेच्या यंत्रांच्या शतकातलं हे माप. ते माणसाच्या जेवणाला नीट लावलं अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानं. कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात त्यानं १८९०च्या दशकात एक बंद खोलीवजा यंत्र बनवलं. माणूस त्यात काही दिवस राहायचा, तिथंच जेवायचा, झोपायचा, व्यायाम करायचा. त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते हे बाहेर मोजलं जायचं. ॲटवॉटरनं काढलेले सरासरी आकडे आजही बिस्किटाच्या पुड्यावर राबताहेत. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ उष्मांक, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला ९. १९१८ साली ल्युलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी पुस्तक लिहिलं आणि उष्मांक मोजून वजन उतरवायची विद्या प्रयोगशाळेतून थेट गृहिणीच्या ओट्यावर आणली.

हे गणित खोटं नाही. २०१० साली कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे आपला बहुतेक आहार पाकीटबंद गोड केक, चिप्स अशा खाऊवर ठेवला, पण दिवसाचे उष्मांक सुमारे १८००च्या वर जाऊ दिले नाहीत. त्यांचं वजन तब्बल १२ किलोंनी उतरलं. हे अनुकरणीय आहे असं त्यांनी स्वतःही म्हटलं नाही, परंतु मुद्दा सिद्ध झाला. लाकडी घाण्याच्या पंथानं तो मनावर घ्यायला हवा. तेल घाण्यावरचं असो की कारखान्यातलं, एका ग्रॅमला ते ९ उष्मांकच देतं. पवित्र आहे म्हणून ८ देत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, शेवटी रताळ्याचा कीस असं चालतं तेव्हा 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना उष्मांक हा शब्द ठाऊक नसला तरी गणित पक्कं ठाऊक होतं.

मग तक्रार कशाबद्दल? माझं उभं आयुष्य बँकेच्या नोकरीत गेलं, म्हणून तिथलाच दाखला देतो. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय शाखा बंद होत नसे. बेरीज जुळली की सुटकेचा निःश्वास. पण १९९२-९३पासून नवे नियम आले आणि दिलेल्या कर्जांतली वसूल होणारी किती, बुडीत निघालेली किती, हे बँकांना वेगळं दाखवावं लागलं. ताळेबंद आधीही जुळतच होते. फक्त बेरजेच्या आत काय दडलंय हे बेरीज सांगत नव्हती. उष्मांक ही ताटाची बेरीज आहे. ती लागतेच, पण तिच्यावर सही करून पेन खिशाला लावणारा अधिकारी मात्र कामाचा नाही.

बरं, ती बेरीजही वाटते तितकी चोख नसते. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी अख्खे बदाम खाणाऱ्या माणसांवर प्रयोग केला. २८ ग्रॅम बदामांत हिशेबानं सुमारे १७० उष्मांक धरले जात. शरीराला प्रत्यक्ष मिळाले १२९. बाकीची चरबी बदामाच्या पेशींच्या भिंतींत अडकून तशीच बाहेर पडली होती. म्हणजे पदार्थ कोणत्या रूपात पोटात जातो, यावर त्याचा आकडा बदलतो.

याहून महत्त्वाचा प्रयोग २०१९ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं अन्न. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ, चोथा सारं सारखं. अट एकच, हवं तेवढं खा. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत मंडळींनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं थोडी आणि मुदत लहान, हे खरं. तरीही दोन पंथांचं भांडण मिटवणारी गोष्ट यात आहे. 'किती' हे सुटं नसतं. ते पुष्कळ अंशी 'काय' यावरून ठरतं. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चावावी लागते, पोटात बसते, आणि 'पुरे' हा शब्द आपणहून तोंडात येतो. बिस्किटाचा पुडा तो शब्द तोंडात येऊच देत नाही.

आता हा प्रश्न आपल्या अंगणात आणतो, कारण उष्मांकानं आपल्याकडे एक निराळंच काम केलं आहे. अमेरिकेत तो जाड माणसांना बारीक करायला वापरला गेला. आपण त्यानं गरिबी मोजली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देईल एवढा खर्च, ही त्यांची दारिद्र्याची रेषा. १९७९मध्ये नियोजन मंडळाच्या तज्ज्ञगटानं ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० असे आकडे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्याला आलेले पां. वा. सुखात्मे यांनी यावर हरकत घेतली. एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक कमीजास्त होते, मग एका सरासरीची रेषा सगळ्यांवर कशी ओढता, असा त्यांचा सवाल होता. पुण्यातल्या पुण्यात हा वाद वर्षानुवर्षं चालला. दोन्हीकडे थोर माणसं होती आणि उपाशी माणूस दिसावा म्हणूनच ती रेषा ओढली गेली होती, याबद्दल मला आदर आहे. परंतु त्या रेषेनं एक सवय लावली. पोट भरलं की पोषण झालं, असं आपण धरून चाललो.

तसं ते होत नाही, हेही पुण्याजवळच दिसलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रियांचं सरासरी वजन ४२ किलोंच्याही आत आणि बाळांचं सुमारे २.७ किलो. २००१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते वाचून मी थबकलो होतो. बाळाच्या वजनाचा संबंध आईनं किती उष्मांक खाल्ले याच्याशी लागेना, प्रथिनांशीही लागेना. तो लागला हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या आईच्या ताटात या गोष्टी वरचेवर होत्या, तिचं बाळ भरलेलं होतं. ज्या घरात सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं बाईच्या वाट्याला येतं, तिथं भाकरीचा तुकडा कसाही उरतो. भाजी उरत नाही. उष्मांकाच्या रकान्यात ती बाई कदाचित बसलीही असती.

याज्ञिकांनीच २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलं आणि आपले इंग्रज मित्र जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांत २१.२ टक्के. म्हणजे उष्मांक ही जशी बेरीज, तसं वजनकाट्यावरचं वजन हीसुद्धा बेरीजच. त्यात स्नायू किती, चरबी किती, हे काटा सांगत नाही. वजन उतरलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी काय उतरलं हेही विचारावं.

मला काळजी वाटते ती या बेरजेच्या नादी लागलेल्या लहान मुलींची. माझ्या एका स्नेह्यांची नात नववीत आहे. हुशार, चुणचुणीत. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो तर मुलगी मोबाइलवर दिवसभराचे उष्मांक मांडत होती. आजीनं पुढं केलेले मूठभर भाजलेले दाणे तिनं परत केले आणि एक छोटा पुडा फोडला. "आजोबा, दाण्यांत एकशेसत्तर असतात. यात शंभरच आहेत, लिहिलंय बघा." मुलीचं गणित बरोबर होतं. पण दाण्यांतली सात-आठ ग्रॅम प्रथिनं तिच्या रकान्यात नव्हती आणि तासाभरानं लागणारी भूकही नव्हती. रात्री ती भाजी-पोळी टाळते, कारण 'कोटा' संपलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९-२१ या काळात १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांमध्ये ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं नोंदवलं. लोहाला उष्मांक नसतो, म्हणून ते तिच्या मोबाइलमधल्या बेरजेत येत नाही. खेड्यातल्या त्या बाईच्या ताटात भाजी पोहोचली नाही. या मुलीनं समोर आलेली भाजी परत केली. दोघींच्या ताटांत शेवटी एकच गोष्ट कमी पडली.

मग करावं काय? राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सुचवलेल्या दिवसभराच्या ताटाकडे पाहा. २००० उष्मांकांच्या आहारात २५० ग्रॅम धान्यं, ८५ ग्रॅम डाळी किंवा त्याऐवजी काही प्रमाणात अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध. भाज्यांचं वजन धान्याहून जास्त! आपल्याकडे पाव किलो भेंडीत चौघांचं जेवण होतं आणि ती बाकी भरून काढतो भात. या हिशेबानं चौघांच्या घरात दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी यायला हवी. ती महाग आहे, निवडायला वेळ लागतो आणि निवडायला बसणारं माणूस घरात एकच असतं, हे मला कळतं. पाच रुपयांच्या पुड्यात उष्मांक स्वस्त मिळतात, म्हणूनच तो पुडा वाडीवस्तीवर पोहोचला. तेव्हा शाळेच्या खिचडीत आणि अंगणवाडीच्या आहारात किती उष्मांक याबरोबर भाजी किती, हाही प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. आणि घरात भाजी निवडायला सगळ्यांनी बसलं पाहिजे, पुरुषांनीसुद्धा.

आपली ताट वाढायची जुनी रीत आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या, उसळ; मध्ये भाताची लहानशी मूद, वर वरण आणि चमचाभर तूप. कशाला किती जागा, हे ताटातच ठरलेलं होतं. ते ताट सगळ्यांच्या वाट्याला कधी आलं नाही आणि घरातल्या बाईच्या वाट्याला तर फारच कमी वेळा. म्हणून त्या ताटाचे गोडवे गाऊन भागणार नाही. ते सगळ्यांपर्यंत, मुलींपर्यंत आधी, पोहोचवावं लागेल.

उष्मांक फेकून द्या, असं मी म्हणत नाही. ज्यांना डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल त्यांनी जरूर मोजावेत. तुपाच्या भक्तांनी तर अधूनमधून मोजावेतच. पण मोजण्याआधी ताटात काय आहे ते पाहावं. बाहेरून घरी आलेलं मूल दारातूनच विचारतं, "आज भाजी कुठली?" हा प्रश्न घरात विचारला जातोय तोवर काळजीचं कारण नाही. त्याऐवजी "यात किती आहेत?" असं विचारू लागलं, तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी बोलायला बसण्याची वेळ आली, असं समजावं.