गावच्या ओढ्याचा डोह घरातल्या काचेत

शहरातल्या पाहुण्यांकडे माशांची काचेची पेटी पाहिली की पोरे घरी येऊन हट्ट धरतात. तालुक्याच्या बाजारात पेटी मिळते, हवेचा पंप मिळतो आणि दुकानदार पिशवीत रंगीबेरंगी आठ-दहा मासे बांधून देतो. महिन्याभरात त्यातले निम्मे मरतात आणि पेटी माळ्यावर जाते. असे व्हायला नको असेल तर बाजारात जाण्याआधी गावच्या ओढ्यावर तासभर बसा. पोरांनाही सोबत न्या.

सह्याद्रीच्या बाजूचे ओढे दिवाळीनंतर नितळ होतात आणि तळापर्यंत दिसू लागते. खळाळत्या धारेत दगडाला धरून मळ्या असतो. त्याच्या तोंडाखाली चकतीसारखी जागा असते, तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात हलत नाही. वाळूशी मिशावाले, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे मासे दिसतील. खाली संथ डोहात दांडवणीचा थवा फिरतो, अंगावर शेपटीपर्यंत काळी रेघ. तिच्याबरोबर एक चपट्या अंगाचा बारका मासा असतो, त्याला दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीजवळ. शास्त्रात त्याला तिक्टो म्हणतात. ही नावे गावागणिक बदलतात, म्हणून तुमच्याकडचे नाव वडीलधाऱ्यांना विचारा. त्या नावांना मोल आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा आपल्याच लोकांच्या तोंडची नावे उचलली. म्हणून मळ्याचे जगभरातले शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ असे आहे.

धारेतला मासा आणि डोहातला मासा एका ओढ्यात राहत असले तरी त्यांचे घर एक नाही. पेटीत यांतली एकच जागा आणायची. माझे मत विचाराल तर खेड्यात डोहच आणावा. धारेतल्या माशांना सतत हलते, हवेने भरलेले पाणी लागते. वीज गेली की पंप बंद. त्यात वैशाखातले गरम पाणी प्राणवायू कमी धरते. चार तास वीज नसली तर मळ्या तडफडतो. त्याला ओढ्यातच राहू द्यावे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत साधारण ५५ लिटर पाणी मावते. वाळू-दगड धरून वजन पोत्याच्या वर जाते, तेव्हा ती पक्क्या ओट्यावर ठेवा. ऊन नको, शेवाळ माजते. तळाला ओढ्याची वाळू, त्यावर दोन-तीन काळे दगड. पांढरा दगड असेल तर लिंबाचा थेंब टाकून पाहा, फेस आला तर तो चुन्याचा, पाणी जड करतो. एका कोपऱ्यात फितीसारखे पाणगवत लावा. काठच्या अर्जुनाची वाळून गळलेली तीन-चार पानेही टाका. पाणी चहासारखे जरा तांबूस होईल, डोहातही ते तसेच असते.

यानंतर मात्र घाई करू नका. माशाच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि कोऱ्या पेटीत तोच मासे मारतो. युरिया टाकल्यावर शेतात काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. मातीतले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते पीक घेते. पेटीतही हेच घडते, पण त्या जिवाणूंना वाळूवर, दगडांवर बसायला महिना-दीड महिना लागतो. ओढ्यातली ओंजळभर वाळू न धुता टाका, ती विरजणाचे काम करते. मासे नसतानाही रोज खाद्याची चिमूट टाका, म्हणजे जिवाणूंना खाणे मिळेल. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टीसीएल पावडर टाकलेली असते, ती हे विरजणही मारते आणि मासेही. पाणी दिवसभर उघड्या घमेल्यात ठेवून मगच वापरा.

महिना झाला की सहा तिक्टो आणा, आणखी पंधरा दिवसांनी चार-पाच दांडवणी. याहून जास्त नको. सकाळच्या गारव्यात, ओढ्याच्याच पाण्यात आणा आणि पेटीचे पाणी त्यात थोडे थोडे मिसळून मग सोडा. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना हात लावू नका. देवाच्या डोहातलेही नकोत. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनीचे मासे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, म्हणून तिथे अजून मोठे खुद्री दिसतात. मरळीचे पिल्लू कितीही गोजिरे दिसले तरी आणू नका, ते बाकीच्यांना गिळून टाकील.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. भात, कणीक नको, पाणी नासते. आठवड्याला चौथाई पाणी बदला. काढलेले पाणी परसातल्या अळूला घाला, अळू माजतो.

आणखी एक सांगतो, ते घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. फवारणी करून आलेला हात पेटीत घालायचा नाही आणि फवारणीची बादली पेटीसाठी वापरायची नाही. कीटकनाशकांतली काही औषधे थेंबभरही माशांना पुरतात. पेटीतले मरतात ते दिसतात. ओढ्याच्या काठी पंप धुतला की खालच्या डोहात तेच होते, पण ते वाहून जाते आणि कुणाला दिसत नाही.

कधी कंटाळा आला तर? दुकानातले मासे कधीही ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. तो पेटीत मावेनासा झाला की लोक नदीत टाकत आले. आता उजनीच्या जलाशयात तो मासेमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भाव नाही. असे मासे दुकानदाराला परत करा, नाहीतर पेटी ठेवणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या. ओढ्यातले मासे मात्र, ज्या डोहातून आणले त्याच डोहात, आणि तेही पेटीत दुकानचा एकही मासा ठेवलेला नसेल तरच सोडावेत. दुकानच्या माशाबरोबर आलेला रोग डोळ्यांना दिसत नाही.