दिवसाला फक्त ५० रुपये? आधी किलोला किती ते सांगा



हल्ली शेतकरी मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "स्वतःचं ऑनलाइन दुकान काढा, खर्च दिवसाला फक्त ५० रुपये." टाळ्या पडतात, हिशोब कुणी विचारत नाही. तो आज मांडतो.

दिवसाला ५० म्हणजे महिन्याला १,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २७० रुपये. झाले १,७७०. वर्षाचे २१,२४०. आता समजा एखाद्यानं वर्षात ३०० किलो हळद पावडर विकली, तर किलोमागं जवळजवळ ७१ रुपये नुसतं दुकानाचं भाडं. तीच २,००० किलो विकली तर किलोमागं साधारण साडेदहा रुपये. म्हणजे माल थोडा त्याच्यावर बोजा जास्त. आणि जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी ते २७० बहुतेक वेळा वजावटीत घेतो. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याच्या खिशातून ते गेले ते गेलेच.

गिऱ्हाईकानं ऑनलाइन पैसे भरले की गेटवेवाला साधारण २ टक्के कापतो, वर जीएसटी. १०० रुपयाला २ रुपये ३६ पैसे. याबद्दल माझी तक्रार नाही. विक्री झाली तरच तो घेतो.

तक्रार आहे ती विक्री होवो न होवो, दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या पैशाची. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकली. त्यासाठी किती वर्षं ओरडावं लागलं, आठवा. पण ती अडतसुद्धा माल विकल्यावरच कापायचे. हे भाडं दुकानात माल नसतानाही चालू. लाइटबिलातल्या स्थिर आकारासारखं, बटण दाबा नाहीतर दाबू नका.

आंबेवाल्याचं बघा. त्याचा हंगाम मार्च ते मे, फार तर जून. भाडं मात्र १२ महिने. आणि सल्ला देणारे काय म्हणतात? वर्षाचा प्लॅन घ्या, स्वस्त पडतो. अहो, तीन महिने माल असणाऱ्याला वर्षाचं भाडं स्वस्त कसं पडेल?

दुकान काढलं की जोडकामं सुरू होतात. कुरिअर जोडणीचं ॲप वेगळं, मेसेजचं वेगळं, डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी. काहींचा दर डॉलरमध्ये, म्हणजे रुपया घसरला की न सांगता भाडेवाढ. सुरुवातीला महिनाभर फुकट देतात आणि तेव्हाच ऑटोपेची परवानगी घेऊन ठेवतात.

ऑनलाइन विकू नका असं मी म्हणत नाही. विका, पण भाड्यात जाऊ नका.

१. प्लॅन घ्यायच्या आधी वर्षाचा सगळा खर्च जीएसटीसकट मांडा आणि विकायच्या किलोनं भागा. तो आकडा दरात बसत नसेल तर दुकान काढू नका. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि यूपीआयवर पैसे, एवढ्यावर भागतं.

२. पहिल्या वर्षी महिन्याचाच प्लॅन घ्या. हंगाम संपला की बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्यानं कापणं थांबत नाही. आधी प्लॅन रद्द करा, मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेत जाऊन परवानगीही रद्द करा. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज न वाचता पुसू नका.

३. दहा जणांची दहा दुकानं कशाला? गटाचं किंवा शेतकरी कंपनीचं एकच काढा. आंबा संपला की काजू, मग हळद, मग गूळ. दुकान वर्षभर चालेल, भाडं वाटून जाईल.

आणि कृषी अधिकारी, तज्ज्ञ मंडळींना हात जोडून विनंती. स्टेजवरून ब्रँडिंग शिकवता, तसा फळ्यावर हा भागाकारही करून दाखवा. दुकान चालवणाऱ्या कंपन्यांकडं हंगामी प्लॅन मागा. आमचं पीक हंगामी आहे, मग भाडं का नाही?