खाण संपल्यावर गावाचं काय?

दुष्काळी माळावर, शहरापासून लांब, खाणीचं गाव वसवायचं म्हटलं की आपण सिव्हिलवाले आधी काय काढतो? रस्ते आणि क्वार्टर्स! माझं मत विचाराल तर आधी पाणी बघा, आणि खाण संपल्यावर लोकांनी काय करायचं तेही त्याच शीटवर लिहा.

कोलारच्या सोन्याच्या खाणींचंच बघा. १९०२ साली शिवनसमुद्रहून तिथं वीज आली, बेतमंगलच्या तलावातून पाणी आलं. कोरड्या मुलखात हे काम कौतुकाचंच. पण २००१ मध्ये खाणी बंद पडल्या आणि गावाचा रोजगारच गेला. पुढं कित्येकांना पोटासाठी रोज रेल्वेनं बंगळूर गाठावं लागलं.

याउलट आपल्या तासगावजवळची किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली. माल कसला, तर लोखंडी नांगर, पुढं पंप. म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याला रोज लागणारा! म्हणून वाडी आजही नांदती आहे.

खाणीतला माल एक दिवस संपणारच. मग उपसलेलं पाणी शुद्ध करून शेतीला द्या, वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर, मोटारीही दुरुस्त होऊ द्यात, पोरांना दुसरा धंदा शिकवा. झाडं पहिल्याच वर्षी लावा, सावली काही टेंडर काढून मिळत नाही.

खर्च वाढेल म्हणता? वाढू दे की! ओसाड गाव त्याहून महाग पडतं, मित्रांनो.