बोगदा वाचला, बांधावरच्याचे काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड डोंगराखाली स्नोक्वाल्मी नावाचा रेल्वेचा बोगदा आहे. लांबी 11,894 फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडी जास्त. तो बांधणाऱ्या मिल्वॉकी रोड कंपनीचे 1977 मध्ये दिवाळे निघाले, 1980 मध्ये या मार्गावरची गाडी बंद झाली. पुढे मार्ग राज्याकडे आला. आज हातात बॅटरी घेऊन माणसे त्या काळोखातून पायी आणि सायकलने जातात. हिवाळ्यात बर्फामुळे बोगद्याची दारे लावून घेतात.

शहरी माणसाची गोष्ट इथे संपते. आमची इथे सुरू होते. डोंगर उतरला की हाच मार्ग कोरडवाहू गव्हाच्या शिवारातून जातो. तिथल्या शेतकऱ्यांनी साधे प्रश्न विचारले. पट्टीतले तण कोण काढणार? कुंपण कोण घालणार? गाडीच गेली, तर जमीन कोणाची?

बंद लोहमार्ग न तोडता वाट म्हणून राखावेत, गरज पडली तर पुन्हा रेल्वे आणावी, असा कायदा तिथे 1983 मध्ये झाला. तुकडे पडलेली पट्टी पुन्हा जुळवता येत नाही, हे त्यामागचे कारण आम्हाला पटते. पण कित्येक ठिकाणी रेल्वेला फक्त वहिवाटीचा हक्क होता, मालकी शेतकऱ्याचीच होती. 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र मालकाला भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. वायोमिंगच्या एका खटल्यात 2014 मध्ये तेच न्यायालय म्हणाले, रेल्वेचा हक्क वहिवाटीपुरताच होता. रेल्वे गेली, हक्क संपला.

आता आपल्याकडे पाहा. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला घातली गेली. तिची गाडी थांबली आहे. उद्या कोणी म्हणेल, इथे सायकलची वाट करू. करा. पण आपल्याकडे 1894 च्या कायद्याने घेतलेली जमीन सरकारात निर्वेध जमा होई. मालकाचा धागाच तुटे. 2013 च्या कायद्याच्या कलम 101 मध्ये पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला 'किंवा' सरकारी भूमी बँकेला द्यावी असे लिहिले आहे. त्या एका 'किंवा'त सरकारने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

वाटेला आमचा विरोध नाही. बंद मार्गाची पट्टी फुंकून तिचे प्लॉट पाडण्यापेक्षा ती अखंड राहिलेली बरी. मात्र जिल्हा बैठकीत तीन ठराव व्हावेत. पट्टीचा वापर बदलण्याआधी लगतच्या गावांच्या ग्रामसभांत विषय यावा. बैलगाडी आणि ट्रॅक्टर ओलांडण्याच्या जागा कायम राहाव्यात. तण, कुंपण आणि आगीची जबाबदारी वाट चालवणाऱ्याची, बांधावरच्या शेतकऱ्याची नाही, हे लेखी असावे. बैठकीला येताना ज्यांच्याकडे जुने संपादनाचे कागद असतील त्यांनी ते सोबत आणावेत.