यात्रेतील सांडपाणी आणि उत्सर्ग समिती

मुनिधर्मातील पाच समितींपैकी शेवटची ती उत्सर्ग समिती. श्वेतांबर परंपरेत तिलाच परिष्ठापनिका समिती म्हणतात. जे टाकून द्यायचे, ते जीवरहित भूमी पाहून, कोणासही बाधा न होता टाकावे, हा तिचा आशय. हे व्रत साधूंचे असले तरी त्यामागील विवेक श्रावकालाही सुटलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. स्वयंपाकघर आणि शौचालय असलेले हे वाहन सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या, पाणी गाळून वापरणाऱ्या कुटुंबांना सोयीचे वाटते. त्याच्या तळाशी मोरीच्या पाण्याची एक व शौचालयाची एक अशा टाक्या असतात. त्यांपैकी एखादी गळू लागली की टाकण्याची जागा निवडण्याचा अधिकार यात्रेकरूच्या हाती राहत नाही. सारा रस्ताच विसर्जनाची भूमी होतो.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाट चढावा लागतो, तर खामगावचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. चिखली-मेहकरमार्गे शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेली कुटुंबे वाटेत लोणारकडेही वळतात. उल्कापाताने झालेले ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे असून 2020 मध्ये त्यातील सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. त्या सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही. काठावरून आत उतरलेली घाण तेथेच साठते.

गळती शोधताना पहिली चूक होते ती थेंबाच्या जागेवर विश्वास ठेवल्याने. पाणी चासीच्या पट्ट्यांवरून ओघळत दूर जाऊन पडते. शिवाय वातानुकूलन यंत्राचे स्वच्छ पाणीही खाली ठिबकते. तो दोष नव्हे. म्हणून टाकी योग्य ठिकाणी रिकामी करावी, धुवावी, बाहेरून कोरडी पुसावी. वाहन सपाट जागी उभे करून खाली पुठ्ठा अंथरावा. झडप बंद करून खाण्याचा रंग मिसळलेले पाणी पाव-पाव टाकी भरावे आणि प्रत्येक वेळी थांबून पाहावे. पहिल्याच पावाला पाणी आले तर दोष तळाशी किंवा झडपेपाशी. टाकी भरल्यावरच आले तर वरच्या जोडांत किंवा हवेच्या नळीपाशी. ठिबकणे आपोआप थांबले, तर उरलेल्या पाण्याची पातळी हीच बहुधा छिद्राची उंची.

जोड गळत असेल तर रबरी वॉशर बदलून काम भागते. तडा असेल तर आधी टाकी कशाची आहे ते पाहावे. पॉलिथिलीनवर साधा गोंद किंवा एपॉक्सी पुटी टिकत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, म्हणजे चीर पुढे सरकत नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकच्या सळीने गरम हवेचे वेल्डिंग करावे लागते. एबीएस प्लास्टिकला त्याचा द्रावक सिमेंट चालतो, स्टीलला वेल्डिंग. शौचालयाच्या टाकीत ज्वालाग्राही वायू साठतात, म्हणून ती धुऊन व हवा खेळती करूनच मिस्त्रीने आच लावावी. टाकी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या सैल असतील तर त्या कसाव्यात. अन्यथा घाटातील हादऱ्यांनी नवा तडा जातो.

कर्मसिद्धांत समजावताना छिद्र पडलेल्या नौकेचा दृष्टांत दिला जातो. आत शिरणारे पाणी म्हणजे आस्रव, छिद्र बुजवणे म्हणजे संवर, साठलेले पाणी उपसणे म्हणजे निर्जरा. येथे पाणी आत शिरत नाही, बाहेर पडते. पण नियम तोच. खालची फरशी रोज पुसून छिद्र तसेच ठेवणे व्यर्थ.

टाकीवरील भार कमी करण्याचा उपाय घरातच आहे. थाळी धुऊन पिण्याची रीत पाळली तर अन्नाचा कण मोरीत जात नाही. दुर्गंधी आणि जंतूंची उत्पत्तीही कमी होते. संमूर्च्छिम जीवांचा विचार करणाऱ्यांनी सांडपाणी दिवसेंदिवस साठवू नये. मुक्कामी धर्मशाळेच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन ते तेथील शौचकुंडात सोडावे, नाल्यात किंवा शेताच्या बांधावर नव्हे. टाकीची वरील परीक्षा निघण्याच्या आठवडाभर आधी करावी, म्हणजे दोष आढळल्यास दुरुस्तीला वेळ उरतो.