इशारा जिल्ह्याला, वीज शिवारात

पाडव्याच्या अंकाचं संपादकीय म्हटलं की चैत्रपालवी, गुढी आणि कडुनिंबाची चटणी ठरलेली. ते सगळं आतल्या पानांवर भरपूर आहे, कार्यक्रमाची वेळही तिथेच मिळेल. इथे या वेळी हवामानाबद्दल लिहितो. आपल्या इलिनॉयमध्ये मार्च लागला की एकाच आठवड्यात बर्फ, ऊन आणि गडगडाट असं तिन्ही बघायला मिळतं. त्याच सुमारास आमच्या कोडोलीकडे वळवाचे दिवस सुरू होतात. इशारे दोन्हीकडे मिळतात आणि दोन्हीकडे आपली माणसं ते कानाआड करतात. कारणं मात्र वेगवेगळी आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव, वारणानगरला अगदी लागून. उत्तरेला वारणा, दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, मधे नजर जाईल तिथे ऊस. मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपत आलेला असतो. फडात शेवटच्या तोडी चालू असतात आणि ऊसतोड टोळ्यांच्या खोपी अजून उघड्या रानात उभ्या असतात. दुपारी तीनपर्यंत अंग भाजून निघतं, हवा एकदम पडते आणि मग काळं भरून येतं.

पावसाआधी वारा येतो आणि निम्मं नुकसान तोच करून जातो. गोठ्याच्या पत्र्यावर दगड ठेवलेले असतात, कुणी जुने टायर टाकलेले असतात. पत्रा आधी एका कोपऱ्यात फडफडतो. खाली वारा शिरला की दगडासकट उचलला जातो आणि म्हैस सोडायला आत शिरलेल्या माणसाच्या डोक्यात दगड बसतो. पत्रे हुकांनी आवळून घेणं काही अवघड नाही, पण ते काम दरवर्षी ‘मिरगाच्या आधी करू’ म्हणून राहतं आणि वळीव मिरगाची वाट बघत नाही. वारा पडला की दुसरं संकट उसात दडलेलं असतं. खांबावरून तुटून पाल्यात पडलेली तार दिसत नाही. रात्रपाळीची लाइट आली म्हणून पाणी पाजायला गेलेला माणूस बॅटरीच्या उजेडात सऱ्या बघत चालतो आणि तिच्यावर पाय देतो. वादळानंतर आधी महावितरणला 1912 वर कळवायचं, लाइट बंद असल्याची खात्री करायची आणि मगच रानात उतरायचं, एवढं तरी गावाकडे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

आता विजेचं. भारतात 2022 या एका वर्षात वीज पडून 2,887 माणसं गेली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. अमेरिकेत हल्ली हा आकडा वर्षाला वीसच्या आसपास असतो. यात अमेरिकेच्या शहाणपणाचं फार कौतुक करू नये. 1940च्या दशकात इथेही वर्षाला तीनशेच्या वर माणसं विजेने मरत होती. पुढे शेतातली माणसं कमी झाली, घरं पक्की झाली, आणि मग इशारेही सुधारले. कोडोलीच्या शिवारात माणूस अजून रानात आहे, म्हणून तिथे इशाऱ्याची किंमत इथल्यापेक्षा जास्त आहे.

इशारे नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आहे. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे आहेत, शिवाय पुढच्या तीन तासांचा अंदाज वेगळा. पण ‘कोल्हापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ या वाक्याचं कोडोलीच्या माणसाने करायचं काय? एका टोकाला गगनबावडा, जिथे वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. दुसऱ्या टोकाला शिरोळ, जिथे पाचशेच्या आसपास. वळवाचा ढग तर चार गावांपुरता असतो. कोडोलीत गारांचा सडा आणि जवळच्या बोरपाडळ्यात नुसती धूळ, हे काही नवलाचं नाही. पाच वेळा पिवळा इशारा येऊन थेंब पडला नाही की सहाव्या वेळी माणूस वर न बघता खुरपं चालवत राहतो. त्याला अडाणी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

इथेही इशारे आपोआप सुधारलेले नाहीत. 18 मार्च 1925 रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक चक्रीवादळ, म्हणजे टॉर्नेडो, गेलं आणि 695 माणसं मेली. त्या काळी इथल्या हवामान खात्याच्या अंदाजात ‘टॉर्नेडो’ हा शब्द वापरायलाच बंदी होती. लोक घाबरतील म्हणून. ती बंदी 1938मध्ये उठली. टॉर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज 25 मार्च 1948 रोजी ओक्लाहोमातल्या एका हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी दिला. आणि 1 ऑक्टोबर 2007पर्यंत इथला इशाराही संपूर्ण काउंटीला मिळायचा. त्या दिवसापासून नकाशावर वादळाच्या वाटेपुरती चौकट आखून तेवढ्याच भागाला सावध करायला सुरुवात झाली. माझं म्हणणं इतकंच की जिल्ह्याचा इशारा गावापर्यंत उतरवण्याचं हे काम कोल्हापुरात व्हायला हवं आणि ते होण्यासारखं आहे.

त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. वारणेच्या पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत रांग लागते. वळीव येतो तो साधारण त्याच संध्याकाळच्या वेळेला. संस्थेच्या कर्ण्यावरून सचिवाने ‘दामिनीवर वीज जवळ दिसतेय, रानातल्यांना आत बोलवा’ एवढं एक वाक्य सांगितलं तरी ते तासाभरात वाडीवस्तीवर पोचेल. ग्रामपंचायतीचा स्पीकर आहेच. जोतिबाची चैत्र पौर्णिमेची यात्राही याच दिवसांत. लाखो भाविक, उंच सासनकाठ्या आणि उघडा डोंगर. तिथे वादळाची सूचना आली तर काठ्या आडव्या करून कुठे ठेवायच्या, हे मानकऱ्यांना यात्रेआधीच सांगितलेलं असावं. ऐन गर्दीत, गुलालात आणि ‘चांगभलं’च्या गजरात कुणाचं कोण ऐकणार?

एक गैरसमज मात्र आपणच, म्हणजे परदेशातल्या मुलांनी, घरी काढून टाकायला हवा. मोबाइल वीज ओढतो अशी समजूत गावोगाव आहे आणि गडगडाट सुरू झाला की बाबा फोन बंद करून कोनाड्यात ठेवतात. मोबाइल वीज ओढत नाही. धोका असतो तो तारेच्या जुन्या फोनला, नळाला, स्टार्टरच्या पेटीला हात लावण्यात आणि झाडाखाली उभं राहण्यात. फोन बंद केला की इशारा येण्याची एकमेव वाट बंद होते. 20 जुलै 2023 रोजी महाराष्ट्रात हजारो फोन एकाच वेळी कर्कश वाजले. ती नव्या यंत्रणेची चाचणी होती. ही यंत्रणा टॉवरवरून चालते, नंबर कुठला आहे हे ती बघत नाही. म्हणजे बीडहून आलेल्या तोडणी टोळीच्या खोपीतला फोनही वाजेल. पण चालू असेल तर.

आता इथलं. एप्रिल-मेमध्ये आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा इकडे येतात. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी 10 वाजता भोंग्याची चाचणी होते. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, घरात दोघंच. आणि अचानक भोंगा. चाचणीच्या दिवशी ते उगाच घाबरतात आणि खऱ्या दिवशी, वळीव बघायला ओसरीवर यावं तसे दार उघडून पोर्चमध्ये उभे राहतात. त्यांना तळघर दाखवून ठेवा. तळघर नसेल तर खिडकी नसलेली आतली खोली दाखवा. ‘वॉच’ म्हणजे तयारीत राहा आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे लगेच खाली जा, हे कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावा. फोनवर येणारा इशारा मराठीत नसतो.

पाडव्याच्या कार्यक्रमाला आपण शाळेचं सभागृह घेतो. जेवणाच्या पंगती बसतात त्या व्यायामशाळेचं छप्पर रुंद आणि अधांतरी असतं, आणि प्रवेशदाराशी सगळी काच. भोंगा वाजला तर दोन्ही सोडून आतल्या बोळात जायचं आहे. स्वयंसेवक वाट दाखवतील. पुरणपोळी हातात घेऊन चाललात तरी चालेल, पण थांबू नका.

आणि एक विनंती. कोडोलीत दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा इथे पहाटेचे सहा असतात. उन्हाळ्यात या वेळी उठल्या उठल्या कोल्हापूरचा इशारा बघा आणि तो नारिंगी असेल तर घरी एक फोन करा. रानात कोण आहे, एवढंच विचारा आणि त्याला आत बोलवायला सांगा.